स्पीकरमधून गुणगुण, घरघर, शिट्टी येतेय? आधी ती कुठून आत शिरतेय ते शोधा

अँप (अॅम्प्लिफायर) चालू आहे, गाणं लावलेलं नाही, तरी स्पीकरमधून काहीतरी येतंय. कुणाकडे खालच्या पट्टीतली गुणगुण, कुणाकडे कडक घरघर, कुणाकडे मोबाईल वाजायच्या आधी ट्र-ट्र-ट्र, तर कुणाकडे बारीक शिट्टी. आणि मग बहुतेक जण सगळ्यात आधी काय करतात तर जाडजूड महागडी स्पीकर वायर आणतात नाहीतर कुठलातरी फिल्टर मागवतात, लावतात, आणि आवाज जसाच्या तसा. कारण आवाज कुठल्या वाटेने आत येतोय हेच बघितलेलं नसतं. माझं स्पष्ट मत आहे की अशा त्रासात सत्तर प्रकारचे उपाय करून बघण्यापेक्षा आधी वाट शोधायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि वाट सापडेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही. वाट सापडली की उपाय बहुतेक वेळा स्वस्त आणि छोटा निघतो.

सुरुवात स्पीकरपासून करू, कारण आवाज तिथून येतो म्हणून सगळा संशय बिचाऱ्या स्पीकरवर जातो. साधा स्पीकर, म्हणजे ज्याच्या आत अँप नाही असा, हवेतला डिस्टर्बन्स स्वतःहून पकडून ऐकू येईल इतका वाजवू शकत नाही. त्याची कॉइल ४ किंवा ८ ओहमची, आणि तिच्या मागे जो ट्रान्झिस्टर अँप बसलाय त्याचा आउटपुट इम्पीडन्स (एसी सिग्नलला होणारा अडथळा) बहुतेक ओहमच्या दहाव्या भागाहून कमी, त्यामुळे वायरमध्ये थोडंफार काही इंड्यूस झालं तरी ते तिथेच दबून जातं. खात्री करायची असेल तर अँप बंद करा, स्पीकर वायर अँपपासून पूर्ण सोडवा आणि वायरची ती सुटलेली दोन टोकं एकमेकांना जोडा. हे फक्त अँपपासून सोडवल्यावर, अँपच्या टर्मिनलवर शॉर्ट करायचं नाही हं. आता अँप परत चालू करून स्पीकरला कान लावा, शांत असेल. आणि तरीही खोलीत गुणगुण ऐकू येत असेल तर ती स्पीकरमधून येतच नाहीये, अँपच्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर स्वतः थरथरतोय, ती मेकॅनिकल गुणगुण आहे आणि तिच्यासाठी कुठलीही ऑडिओ केबल बदलून काही होणार नाही. टोरॉइडल, म्हणजे कड्याच्या आकाराच्या, ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपमध्ये मेन्सवर थोडा डीसी आला की हे हमखास होतं, आणि घरातलं दुसरं एखादं उपकरण चालू-बंद केलं की ते कमीजास्त होतं.

पुढे जायच्या आधी सुरक्षेचं, आणि हे मी मनापासून सांगतोय. गुणगुण घालवायला अँपच्या प्लगची अर्थ पिन काढणं, टेप लावणं, दोन पिनचा अडॅप्टर वापरणं, हे अजिबात करायचं नाही. गुणगुण जाते हे खरं, पण ज्या दिवशी आत इन्सुलेशन जाईल त्या दिवशी अँपची बॉडी आणि केबलने जोडलेलं प्रत्येक यंत्र, मायक्रोफोनसकट, मेन्सच्या व्होल्टेजवर येईल. ग्राउंड लूप, म्हणजे दोन यंत्रांची अर्थिंग आणि ऑडिओ केबल मिळून झालेला बंद वळसा, तोडायचाच असेल तर तो सिग्नलच्या बाजूला तोडायचा, मेन्सच्या बाजूला कधीच नाही. दुसरं, अँपचं झाकण उघडायची गरज या लेखातल्या जवळपास कुठल्याच टेस्टला नाही, आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

आता कान वापरा. आवाजाचा प्रकार ओळखला तरी निम्मं काम होतं. मेन्स ५० हर्ट्झचं आहे असं धरून आकडे देतोय, जिथे ६० आहे तिथे त्या हिशोबाने वाढवून घ्या. मऊ, खोल, गोल अशी गुणगुण म्हणजे नुसतं ५०, आणि ती बहुतेक कुठल्यातरी ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येते. टोकदार, करकरीत, माशी भुणभुणल्यासारखी घरघर म्हणजे १०० आणि त्याच्या वर २००, ३००, ४०० असं सगळं चढत गेलेलं, ती रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग), डिमर, स्विचिंग चार्जर आणि ग्राउंड लूप यांची खूण. आपल्या कानाला ५० हर्ट्झ ऐकू यायला साधारण ४४ डेसिबल लागतात, १०० हर्ट्झला सुमारे २७, आणि १००० हर्ट्झला जेमतेम २-३. म्हणजे मीटरवर सारखीच दिसणारी दोन सिग्नलं असली तरी टोकदार घरघर कितीतरी जास्त छळते, आणि छोट्या स्पीकरवर तर शुद्ध ५० ऐकूच येणार नाही, तिथे जे ऐकू येतंय ते वरचे हार्मोनिक्स, म्हणजे ५० च्या पटीतले सूर, आहेत. फोनवर फुकट मिळणारं स्पेक्ट्रमचं अॅप टाका, फोन स्पीकरसमोर धरा, आणि काटे कुठे उभे राहतात ते बघून स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नंतर प्रत्येक बदलानंतर तुलना करायला फार उपयोगी पडतो. ५० चा काटा फोनचा माइक नीट दाखवत नाही, १०० च्या वरचे छान दिसतात.

काही आवाज तर नाव सांगूनच येतात. जुन्या टूजी नेटवर्कवरचा मोबाईल ४.६ मिलिसेकंदाला एकदा रेडिओ पाठवतो, म्हणजे सेकंदाला २१७ वेळा, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या बँडवर त्याची शिखर पॉवर २ वॅटपर्यंत जाते, तोच तो ट्र-ट्र-ट्र. डीईसीटी प्रकारच्या कॉर्डलेस फोनची फ्रेम १० मिलिसेकंदाची, म्हणजे बरोबर १०० हर्ट्झ, आणि इथे खूप जण फसतात, ग्राउंड लूप समजून सगळ्या केबल उपसतात आणि खरा गुन्हेगार शेल्फवरचा फोनचा बेस असतो. वाय-फाय राउटर दर १०२.४ मिलिसेकंदाला आपली हाक देतो, त्यामुळे तो स्पीकरजवळ असेल तर सेकंदाला साधारण १० वेळा टिकटिक येते. माउस हलवला किंवा स्क्रीनवर काही स्क्रोल केलं की बदलणारी चिरचिर म्हणजे कॉम्प्युटरचा ग्राउंड, त्याच्यासाठी हवेत काही शोधू नका. आणि बोलणं किंवा गाणं ऐकू येत असेल तर एएम रेडिओ आत शिरलाय.

पण बघा, हे ९०० मेगाहर्ट्झ नाहीतर २.४ गिगाहर्ट्झ स्पीकर थोडीच वाजवणार आहे. ते ऐकू येतं कारण आत कुठेतरी एखादं सेमीकंडक्टर जंक्शन, बहुतेक इनपुटच्या ट्रान्झिस्टरचं बेस-एमिटर, डायोडसारखं वागून त्या लहरीचं एन्व्हलप (तिच्या चढउताराचा आकार) काढून देतं. म्हणजे अगदी क्रिस्टल रेडिओत होतं तेच, फक्त नको त्या जागी. आणि एकदा का ते ऑडिओ झालं की पुढच्या कुठल्याही फिल्टरला ते गाण्यापासून वेगळं करता येत नाही. म्हणून रेडिओवाला त्रास जिथे शिरतो त्याच दारावर अडवावा लागतो, पुढे नाही.

साखळी तोडत जायचं

हा या कामाचा गाभा, इथे घाई करू नका. आधी व्हॉल्यूम पूर्ण शून्यावर न्या. आवाज कमी झाला, गेला, तर त्रास व्हॉल्यूमच्या आधी शिरतोय, म्हणजे सोर्स, त्याची केबल, इनपुटचा भाग. काहीच फरक नाही पडला तर तो व्हॉल्यूमच्या नंतर शिरतोय, म्हणजे पॉवर स्टेज, पॉवर सप्लाय, किंवा स्पीकर वायरवरून उलटा आत. ही एक टेस्ट दहा सेकंदाची आहे आणि ती न करता लोक आठवडे घालवतात. मग इनपुट सिलेक्टर फिरवा, एकाच इनपुटवर असेल तर त्या इनपुटला जोडलेलं यंत्र किंवा केबल, सगळ्यांवर सारखं असेल तर अँपच.

पुढच्या टेस्टमध्ये एक अडचण आहे, मोकळं सोडलेलं इनपुट स्वतःच अँटेनासारखं वागतं, त्यामुळे केबल नुसती काढून टेस्ट केली तर उलट जास्त आवाज येऊन गोंधळ होतो. म्हणून शॉर्टिंग प्लग बनवून ठेवा. साधा सोल्डर करायचा आरसीए प्लग (लाल-पांढऱ्या ऑडिओ केबलला असतो तो) घ्या, मागचं कव्हर फिरवून काढा, आत मधल्या पिनची छोटी वाटी आणि बाहेरच्या शेलची पट्टी दिसेल, या दोघांमध्ये सेंटीमीटरभर तार सोल्डर करा आणि कव्हर परत लावा, झालं. मल्टिमीटरने बीप येतो का बघा आणि कव्हरवर लाल टेप गुंडाळा म्हणजे चुकून दुसरीकडे लागणार नाही. असे दोन बनवा, डावा-उजवा. एक्सएलआरसाठी (माइकच्या केबलचा तीन पिनचा प्लग) २ आणि ३ नंबरच्या पिना एकमेकींना आणि १ ला जोडायच्या. हे प्लग फक्त इनपुटला लावायचे, कुठल्याही आउटपुटला नाही.

आता अँप बंद, सगळ्या इनपुट केबल काढा, फक्त शॉर्टिंग प्लग आणि स्पीकर ठेवा, अँप चालू. शांत झालं का? झालं असेल तर अँप आणि स्पीकर निर्दोष, त्रास केबलवरून येतोय. मग केबल परत जोडा पण सोर्सकडचं टोक सोर्सपासून काढून त्यात शॉर्टिंग प्लग बसवा, त्यासाठी आरसीए जोडणारा छोटा मादी-मादी अडॅप्टर लागतो. आता पण शांत असेल पण सोर्स जोडल्याबरोबर घरघर आली तर ग्राउंड लूप किंवा सोर्सचाच आवाज. सोर्स जोडलेला नाही तरी केबलमध्येच गुणगुण येत असेल तर केबल वाटेत काहीतरी पकडतेय, तिला हाताने उचलून हळूहळू जागा बदलत बघा, कुठल्या जागी वाढते ते लगेच कळेल. आणि सोर्सचाच आवाज आहे का हे बघायला सोर्सला हेडफोन लावून ऐका, लॅपटॉप असेल तर चार्जर काढून बॅटरीवर चालवा. चार्जर काढल्याबरोबर गेलं तर चार्जरच्या आतल्या वाय कपॅसिटरमधून (मेन्स आणि आउटपुटच्या मध्ये बसवलेला कपॅसिटर) गळणारा करंट तुमच्या ऑडिओ केबलच्या शिल्डमधून (तारेभोवतीची धातूची जाळी) अर्थकडे जातोय.

मल्टिमीटर असेल तर अँपच्या आउटपुटला, काहीही वाजत नसताना, एसी मिलिव्होल्ट मोजा. ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर म्हणजे २.८३ व्होल्टला १ मीटरवर ९० डेसिबल, मग २.८३ मिलिव्होल्टला ३० डेसिबल, शांत खोलीत जेमतेम जाणवेल इतकं. पण तोच अँप १०५ डेसिबलच्या हॉर्नला जोडला तर ४५ डेसिबल होतात आणि कुणीही विचारेल की हा आवाज कसला. म्हणून "आधीच्या स्पीकरवर नव्हता, नवीन स्पीकर आणल्यावर आला" असं असेल तर स्पीकर खराब आहे असं समजू नका, तो फक्त जास्त स्पष्ट ऐकवतोय. क्लास डी अँपवर (आउटपुट फार वेगाने चालू-बंद करून चालणारा अँप) साध्या मल्टिमीटरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, स्विचिंगचा उरलेला रिपल मीटरला गोंधळात टाकतो.

ग्राउंड लूप निघाला तर

दोन यंत्रं, दोघांना अर्थिंग, आणि दोघांमध्ये ऑडिओ केबलची शिल्ड, असा एक बंद वळसा तयार होतो. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये थोडा फरक असतोच, शिवाय या वळशातून आजूबाजूचं चुंबकीय क्षेत्र जातं, त्यामुळे शिल्डमधून करंट वाहतो. आरसीए केबलमध्ये शिल्ड हीच सिग्नलची परतीची तार पण आहे, सगळी गोची इथेच आहे. हिशोब करून बघा, शिल्ड आणि दोन्हीकडच्या संपर्काचा मिळून रेझिस्टन्स ०.१ ओहम आणि करंट फक्त १ मिलिअँपिअर धरला तरी १०० मायक्रोव्होल्ट सिग्नलमध्ये मिसळतात. घरगुती लाइन लेव्हल साधारण ३१६ मिलिव्होल्ट, म्हणजे गुणगुण फक्त ७० डेसिबल खाली, चांगल्या स्पीकरवर शांत गाण्यात ती ऐकू येते. यावरून हेही कळतं की जाड शिल्डची, घट्ट बसणाऱ्या प्लगची छोटी केबल खरंच फरक पाडते, महाग असायची गरज नाही.

उपाय करताना आधी फुकटचे करा. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, दोन वेगळ्या भिंतींवरचे सॉकेट वापरू नका, अर्थात बोर्डची क्षमता बघून. ऑडिओ केबल छोट्या करा, डाव्या-उजव्या चॅनेलच्या केबल एकत्र बांधा म्हणजे त्यांच्यामधला वळसा लहान होईल. टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स साखळीत असेल तर अँटेनाची किंवा केबलवाल्याची कोअॅक्सियल वायर काढून बघा, ती बाहेरून वेगळा अर्थ घेऊन येते आणि एवढी एक वायर सोडवली की घरघर जाते असं खूप वेळा होतं. ती हवीच असेल तर तिच्यासाठी आयसोलेटर मिळतो. एवढं करून राहिलं तर १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, आणि तो अँपकडच्या टोकाला लावायचा, लांब केबलच्या सोर्सकडच्या टोकाला नाही. स्वस्तातले चिमुकले ट्रान्सफॉर्मर बास खातात, सबवूफरसाठी घ्यायचा असेल तर जरा बरा घ्या.

बॅलन्स्ड केबल, म्हणजे सिग्नलच्या दोन तारा आणि शिल्ड वेगळी अशी, असूनही घरघर येत असेल तर लोक चक्रावतात. तिथे बऱ्याचदा पिन १ चा प्रॉब्लेम असतो. यंत्राच्या आत एक्सएलआरची पिन १ सरळ धातूच्या बॉडीला जोडायच्या ऐवजी सर्किट बोर्डाच्या सिग्नल ग्राउंडला जोडलेली असते, मग शिल्डवरचा सगळा कचरा सर्किटच्या पोटात जातो. नील मन्सी यांनी १९९५ साली ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये हे नीट मांडलं आणि हे नाव तिथूनच रूढ झालं, पुढे त्या संस्थेने एईएस४८ हे स्टँडर्डच काढलं. असं यंत्र हाती लागलं तर ज्या टोकाला घेणारं यंत्र आहे त्या टोकाला शिल्ड सोडवलेली एक केबल बनवून बघा, पाठवणाऱ्या टोकाला मात्र जोडलेली ठेवा, आणि तिच्यावर खूण करून ठेवा. मायक्रोफोनला फँटम पॉवर (माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) लागत असेल तिथे ही केबल चालणार नाही, कारण फँटमचा परतीचा रस्ता शिल्डच आहे.

चुंबकीय क्षेत्राची गुणगुण

इथे फॉइल गुंडाळणारे लोक खूप भेटतात. ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला अॅल्युमिनियम किंवा तांब्याची फॉइल दिसतसुद्धा नाही, ५० हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थच (क्षेत्र धातूत जितकं खोल शिरतं ते अंतर) ९ मिलिमीटरच्या वर आहे, तुमची फॉइल मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही. म्युमेटल (चुंबकीय क्षेत्र अडवणारा निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) किंवा जाड लोखंड लागतं, आणि त्याच्याही आधी अंतर. ट्रान्सफॉर्मरपासून थोडं लांब गेलं की क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं, अंतर दुप्पट केलं की आठवा भाग, म्हणजे १८ डेसिबल कमी, आणि खर्च शून्य. दुसरं म्हणजे फिरवणं. टर्नटेबलचा मॅग्नेट कार्ट्रिज, गिटारचा पिकअप, डायनॅमिक माइक, हे सगळे आत कॉइलवाले आहेत, त्यांना किंवा ट्रान्सफॉर्मरला ९० अंश वळवलं की गुणगुण एका ठिकाणी जवळपास नाहीशी होते. अशी जागा सापडली म्हणजे निदान पक्कं, चुंबकीयच आहे, ग्राउंड लूप वळवून कमी होत नाही. टर्नटेबलवर हा त्रास एवढा का जाणवतो तर सिग्नल मुळात ५ मिलिव्होल्टच्या आसपास, आणि वर आरआयएए करेक्शन (रेकॉर्ड वाजवताना लागणारी ठरलेली टोनची दुरुस्ती) ५० हर्ट्झला १००० हर्ट्झच्या तुलनेत १७ डेसिबल वाढवतं. अँप आणि टर्नटेबल एकावर एक ठेवले असतील तर ते आधी वेगळे करा, बाकी सगळं नंतर.

स्पीकरचं मॅग्नेट जवळ आहे म्हणून गुणगुण येते हा समज मात्र चुकीचा. कायमचं चुंबक स्थिर असतं, आणि इंडक्शनसाठी क्षेत्र बदलावं लागतं हे फॅरेडेने १८३१ सालीच दाखवलंय. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीशेजारी स्पीकर ठेवला की रंगांचे डाग पडायचे ते त्या स्थिर क्षेत्रामुळे, तो मुद्दा वेगळा. स्पीकर त्रासाचा उगम होतो तो गाणं वाजताना, तेव्हा व्हॉइस कॉइल आणि क्रॉसओव्हरच्या (बास आणि ट्रेबल वेगळं करणारं सर्किट) कॉइलभोवतीचं क्षेत्र बदलत असतं आणि शेजारी गिटार पिकअप असेल तर तो ते उचलतो. याची खूण म्हणजे शांततेत काही नाही, वाजवलं की शिट्टी किंवा पोकळ आवाज. स्वतः क्रॉसओव्हर बांधत असाल तर कॉइल एकमेकींना काटकोनात आणि अंतर ठेवून बसवा.

रेडिओ स्पीकर वायरवरूनच आत आला तर

ही वाट कुणाच्या डोक्यातच येत नाही, कारण आपण अँपच्या आउटपुटला फक्त बाहेर जायचा दरवाजा समजतो. समजा स्टिरिओ अँप आहे, डाव्या स्पीकरमधून संध्याकाळी बारीक बोलण्याचा आवाज येतो, उजवा ठीक. व्हॉल्यूम शून्यावर नेला, फरक नाही. शॉर्टिंग प्लग लावले, फरक नाही. म्हणजे इनपुट सुटलं. आता अँप बंद करून अँपच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकर वायरची अदलाबदल करा. अँप चालू केल्यावर बोलणं अजून त्याच डाव्या स्पीकरमधून येतंय, म्हणजे त्रास चॅनेलबरोबर राहिला नाही, वायरबरोबर गेला. बघितलं तर डाव्या स्पीकरची वायर लांब, खिडकीच्या कडेने फिरवून आणलेली. ती अँटेना झालीये. अँपमध्ये फीडबॅकची लाइन आउटपुटपासून थेट इनपुटच्या ट्रान्झिस्टरकडे जाते, ऑडिओला अँपचा आउटपुट इम्पीडन्स अगदी कमी असला तरी मेगाहर्ट्झमध्ये तो तसा राहत नाही, त्यामुळे वायरवरचा रेडिओ त्या लाइनने मागे जाऊन जंक्शनवर डिटेक्ट होतो आणि अँप तो इमानदारीने मोठा करून स्पीकरला देतो.

इथे उपाय फेराइट (वायरवर बसवायचा चुंबकीय सिरॅमिकचा तुकडा), आणि तो वायरच्या अँपकडच्या टोकाला, टर्मिनलपासून जितका जवळ बसेल तितका. स्पीकरकडच्या टोकाला लावून काही मिळत नाही. दोन्ही तारा, प्लस आणि मायनस, एकत्र त्याच फेराइटमधून घ्या, म्हणजे गाण्याच्या करंटने तो सॅच्युरेट होणार नाही. नुसतं एकदा क्लिप करून थांबू नका, वायर त्यातून ५-६ वेळा गुंडाळा, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, १ च्या जागी ५ वेढे म्हणजे ढोबळमानाने २५ पट. फेराइटची जात पण महत्त्वाची, ३१ नंबरचं मिक्स १ ते ३०० मेगाहर्ट्झला चालतं, ४३ नंबरचं साधारण २५ मेगाहर्ट्झच्या वर. मिडियम वेव्हच्या त्रासाला एका वेढ्याचा क्लिप-ऑन काहीच करत नाही आणि मग लोक म्हणतात फेराइट म्हणजे थोतांड. जास्त वेढे किंवा मोठा टोरॉइड घ्या. त्यासोबत वायर छोटी करा आणि दोन्ही तारांना पीळ द्या.

एक ताकीद, आउटपुट टर्मिनलवर नुसता कपॅसिटर टाकू नका, काही अँप त्याने ऑसिलेट होतात. चांगल्या अँपमध्ये आत १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची सिरीज जोडी आणि काही मायक्रोहेन्रीची कॉइल असतेच. नसेल किंवा तिचा रेझिस्टर जळलेला असेल तर ते तंत्रज्ञाचं काम.

रेडिओ इनपुटवरून येत असेल तर आरसीए केबलला तशाच प्रकारे फेराइट, आणि स्वतः सर्किट करणाऱ्यांनी इनपुटला १ किलोओहम सिरीज आणि १०० पिकोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला टाकावा, कटऑफ साधारण १.६ मेगाहर्ट्झवर येतो, ऑडिओला धक्का नाही. कपॅसिटरचे पाय शक्य तितके आखूड ठेवा, लांब पाय मोबाईलच्या फ्रिक्वेन्सीला कॉइलच वाटतात.

क्लास डी अँप असेल तर

इथे गंगा उलटी, त्रास अँपमधून बाहेर जातो. आत बहुतेक ३०० किलोहर्ट्झच्या वर स्विचिंग चाललेलं असतं, आउटपुटचा एलसी (कॉइल आणि कपॅसिटरचा) फिल्टर त्यातलं बरंचसं अडवतो पण थोडा रिपल स्पीकर वायरवर येतोच, आणि लांब वायर तो पसरवते. बघायचं असेल तर सेलवर चालणारा छोटा एएम रेडिओ घ्या, स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि स्पीकर वायरच्या कडेने फिरवा, कुठे खरखर वाढते ते ऐका. हाच रेडिओ एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, डिमर, चार्जर शोधायला पण कामाला येतो, आणि दिव्याचा डिमर फिरवल्यावर घरघरीचा पोत बदलत असेल तर वेगळी टेस्ट नकोच.

एकाच खोलीत दोन क्लास डी अँप असतील आणि कायम एक बारीक शिट्टी येत असेल, जी अँप तापल्यावर किंवा आवाज वाढवल्यावर सरकते, तर दोघांच्या स्विचिंगमधला फरक ऐकू येतोय. एक ४०० किलोहर्ट्झवर, दुसरा ४०३ वर, फरक ३ किलोहर्ट्झ, कानाला सगळ्यात टोचणारी जागा. एक अँप बंद केला की शिट्टी संपते, तिथेच निदान झालं. दोघांच्या पॉवर आणि स्पीकर वायर वेगळ्या वाटेने न्या, स्पीकर वायर माइकच्या केबलसोबत एका पाइपातून कधीच नेऊ नका, क्रॉस करावीच लागली तर काटकोनात करा.

आणि ऑसिलोस्कोप असणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बहुतेक क्लास डी अँपमध्ये स्पीकरची मायनस तार म्हणजे ग्राउंड नसते, ब्रिज जोडणीत दोन्ही टोकं सप्लायच्या निम्म्या व्होल्टेजवर असतात. स्कोपची ग्राउंड क्लिप तिथे लावली की आउटपुट शॉर्ट. दोन प्रोब लावून दोघांतला फरक बघा.

उपाय लागू पडला असं वाटलं की तो एकदा काढा आणि आवाज परत येतो का बघा. आला तरच तो उपाय. नाहीतर मधल्या वेळात शेजारचा कॉर्डलेस फोन चार्जरवरून उचलला गेला असेल किंवा एखादा दिवा बंद झाला असेल आणि श्रेय फेराइटला जाईल. परत लावल्यावर केबल टायने बांधून टाका, घरातले सगळे दिवे, चार्जर, राउटर चालू करा, आणि ज्या वेळी त्रास जास्त व्हायचा त्याच वेळी पुन्हा स्पेक्ट्रम अॅप लावून पहिल्या स्क्रीनशॉटशी जुळवून बघा. १०० चा काटा पडलाय पण २१७ चा तसाच उभा असेल तर दुसरी वाट अजून उघडी आहे, शॉर्टिंग प्लग परत बाहेर काढा.